झाकण कोणाचं, नाला कोणाचा: मुंबईत तक्रार योग्य टेबलावर कशी पोहोचवावी

पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन लावला की मुंबईत तक्रारीचा क्रमांक दोन मिनिटांत मिळतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. चार दिवसांनी उत्तर येतं, "सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही", आणि तक्रार बंद होते. ही दर वेळी टाळाटाळ असते असं मुळीच नाही. एकाच फुटपाथखाली पिण्याच्या पाण्याची लाइन जल अभियंता खात्याची, तिच्या शेजारची मलवाहिनी मलनिःसारण खात्याची, कडेचं पावसाळी गटार पर्जन्य जलवाहिन्या खात्याचं, विजेची केबल बेस्टची किंवा अदानीची आणि गॅसची नळी महानगर गॅसची असते. वरचा पेव्हर ब्लॉक आणखी कोणाचा तरी. "रस्त्यावर पाणी आलंय" एवढंच लिहिलं तर यातलं कोणतं पाणी, हे फोन घेणाऱ्याला कळणार कसं? म्हणून ओळख आधी पटवायची आणि फोन नंतर करायचा.

आधी विभागाचं अक्षर

मुंबईत "वॉर्ड" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक निवडणुकीचा प्रभाग: असे २२७ आहेत, प्रत्येकाला आकडा आहे आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून जातो. दुसरा प्रशासकीय विभाग: त्याला इंग्रजी अक्षर असतं आणि त्याचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. काम करणारे अभियंते, मुकादम, चावीवाले हे सगळे या दुसऱ्या वॉर्डाचे. तक्रारीसाठी अक्षर हवं. बराच काळ असे २४ विभाग होते. अलीकडे मोठ्या उपनगरी विभागांचं विभाजन सुरू झाल्यामुळे जुनी यादी हाताशी असेल तर एकदा ताडून पाहा.

अक्षरांना क्रम आहे. ए ते जी हे शहर भागात: ए म्हणजे फोर्ट-कुलाबा, डी म्हणजे गिरगाव-मलबार हिल, ई म्हणजे भायखळा, एफ/दक्षिण परळ-लालबाग, एफ/उत्तर माटुंगा-शीव, जी/दक्षिण वरळी-प्रभादेवी, जी/उत्तर दादर पश्चिम-माहीम-धारावी. पश्चिम उपनगरांत एच, के, पी, आर. पूर्व उपनगरांत एल, एम, एन, एस, टी. पश्चिमेला वांद्र्याहून दहिसरकडे आणि पूर्वेला कुर्ल्याहून मुलुंडकडे जाताना अक्षरं पुढे सरकतात.

पिनकोड किंवा स्टेशनच्या नावावर विसंबू नका. रेल्वेचे रूळ हीच बऱ्याच ठिकाणी हद्द असते. दादर पश्चिमेची तक्रार जी/उत्तरला जाते, पूर्वेची एफला. सांताक्रूझ पूर्व एच/पूर्वमध्ये, पश्चिम एच/पश्चिममध्ये. पवई आणि चांदिवली लोक एका दमात बोलतात. पण पवई एस विभागात, म्हणजे भांडुपच्या कार्यालयाकडे, आणि चांदिवली एल विभागात, म्हणजे कुर्ल्याकडे. खात्री करायचा सोपा मार्ग घरातच असतो. मालमत्ता कराच्या देयकावरचा लांब खाते क्रमांक पाहा, त्याची सुरुवात विभागाच्या अक्षरांनी होते. पाण्याच्या बिलावर सीसीएन हा जोडणी क्रमांक असतो. दोन्ही क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

जमिनीचा प्रश्न असेल तर आणखी एक रेष लक्षात घ्या. पालिका एक असली तरी जिल्हे दोन आहेत. १ ऑक्टोबर १९९० पासून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर वेगळे झाले. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके आहेत. शहर जिल्ह्यात तालुकाच नाही. शहरात जमिनीच्या भूमापनाचा सी.एस. नंबर विचारतात, उपनगरात सी.टी.एस. नंबर. कागदावर चुकीचा प्रकार लिहिला की शोध तिथेच थांबतो.

पालिकेकडे नसलेली मुंबई

अक्षर मिळालं तरी जागा पालिकेच्या ताब्यात आहे का, हे पाहावं लागतं. पूर्व किनाऱ्यावर कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत मोठा पट्टा बंदर प्राधिकरणाचा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात नियोजन आणि बांधकाम परवानगी एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. म्हाडाच्या वसाहतींतले काही अंतर्गत रस्ते आणि वाहिन्या पालिकेकडे अजून हस्तांतरित झालेल्या नसतात, आणि मग दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथे थेट विचारायचं: "या रस्त्याचं पालिकेकडे हस्तांतरण झालं आहे का, कोणत्या तारखेच्या पत्राने?" तारीख मागितली की उत्तर नेमकं येतं.

वांद्रे-वरळी सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाचा, अटल सेतू एमएमआरडीएचा, किनारी रस्ता पालिकेचा. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये पालिकेकडे आले. आधीची माहिती पाठ असलेले लोक अजूनही वेगळं कार्यालय सांगतात. रुळांखालून जाणाऱ्या नाल्याच्या मोरीला रेल्वेची हद्द लागते, आणि पावसाळ्याआधी तिथला गाळ काढायला पालिका आणि रेल्वे यांचा मेळ लागतो. वस्ती रुळांलगत असेल तर तक्रारीत मोरीचा उल्लेख जरूर करा आणि तिची प्रत रेल्वेलाही द्या.

जुन्या इमारतीचा प्रश्न असेल तर शहर भागात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे येतात. उपनगरात ही व्यवस्था नाही. अंधेरीतल्या मोडकळीस आलेल्या चाळीसाठी दुरुस्ती मंडळाकडे अर्ज केला तर दोन महिने फुकट जातात.

पायाखालचं झाकण ओळखणं

मुंबईत सांडपाण्याच्या आणि पावसाच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. सांडपाणी मलवाहिन्यांतून उदंचन (पाणी उपसणाऱ्या) केंद्रांकडे आणि तिथून कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप या सात प्रक्रिया केंद्रांकडे जातं. पावसाचं पाणी गटारं आणि नाल्यांतून खाडीला किंवा समुद्राला मिळतं. सगळी गफलत होते ती या दोघांत.

रस्त्याच्या मधोमध, ठरावीक अंतरावर एका रेषेत असलेली गोल लोखंडी झाकणं बहुधा मलवाहिनीची असतात. कडेची जाळी आणि फुटपाथलगतची चौकोनी झाकणं पावसाळी गटाराची. लांबट आयताकृती दुहेरी झाकणं बहुतेक टेलिफोन किंवा केबलच्या चेंबरची. झाकणावर अक्षरं उठवलेली असतील तर त्यांचा फोटो घ्या. जुन्या शहरात रस्त्याच्या कडेला उंच, वर उघडे असे लोखंडी खांब दिसतात, ज्यांना दिवाच नसतो. ते मलवाहिनीतला वायू बाहेर सोडण्यासाठी आहेत. तो खांब दिसला की खाली मोठी मलवाहिनी आहे असं समजा.

पक्की परीक्षा कोरड्या दिवसात होते. पाऊस नसताना पावसाळी गटारात वाहतं, वासाचं पाणी दिसलं तर दोनच शक्यता: जवळची मलवाहिनी तुंबून पाणी गटारात शिरतंय, किंवा कोणीतरी सांडपाण्याची जोडणी गटाराला केली आहे. वरच्या बाजूचं, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडचं, मलवाहिनीचं झाकण काठोकाठ भरलेलं असेल तर पहिली. एकाच इमारतीसमोरून प्रवाह सुरू होत असेल तर दुसरी. तक्रारीत यातलं जे दिसलं ते लिहा, कारण पहिल्यासाठी जेटिंगची (जोराच्या दाबाने पाणी मारून वाहिनी मोकळी करणारी) गाडी येते आणि दुसऱ्यासाठी नोटीस निघते.

झाकण स्वतः उचलायचं नाही, मग पाणी कितीही साचलेलं असो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका ज्येष्ठ डॉक्टरांचा जीव गेला. पाण्याखालचं उघडं भोक वरून दिसत नाही. झाकण नसलेलं किंवा फुटलेलं दिसलं तर तिथे माणूस उभा करा, फांदी किंवा लाल कापड लावा आणि १९१६ वर "उघडं मॅनहोल" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा.

सोसायटीच्या आवारातलं चेंबर तुंबलं म्हणून खासगी माणसाला पैसे देऊन आत उतरवणं हा हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतला वायू काही क्षणांत माणूस मारतो. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. चेंबर यंत्रानेच साफ करायचं. आवारातली वाहिनी रस्त्यावरच्या मलवाहिनीला मिळेपर्यंत ती जबाबदारी सोसायटीची, पण यंत्राची गाडी रीतसर मागवता येते.

पाणी तुंबलं: घड्याळ आणि भरतीचा तक्ता घेऊन बसा

जुनी पावसाळी यंत्रणा तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतर ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचं काम वेगाने हाती घेतलं गेलं. मात्र पाऊस हा एकच घटक नाही. समुद्रात उघडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत आणि भरतीच्या पातळीच्या वर जेमतेम ६. भरती मोठी असली की पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही, उलट समुद्राचं आत येतं. म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गजदरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी उपसतो. दादर-परळमधल्या हिंदमाता या सखल भागाचं पाणी तात्पुरतं साठवायला दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या आहेत.

आता तुमच्या गल्लीचं निदान. पालिका पावसाळ्यापूर्वी मोठ्या भरतीच्या दिवसांचा तक्ता जाहीर करते. साडेचार मीटर किंवा त्याहून उंच लाटांचे दिवस त्यात असतात. पाणी कधी चढलं आणि कधी उतरलं याच्या वेळा भिंतीवर खडूने खूण करून लिहा. तीन पावसांची नोंद पुरते.

भरतीबरोबर चढून ओहोटीला आपोआप उतरत असेल तर दोष पातमुखाचा किंवा उदंचनाचा. यात गल्लीतलं गटार साफ करून फरक पडणार नाही; तक्रार पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, मागणी पंपाची किंवा पूरदरवाजाची. ओहोटी असूनही पाणी तास-दोन तास हलत नसेल तर खाली कुठेतरी गाळ किंवा कचरा अडकला आहे. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत उतरत असेल तर वाहिनी ठीक आहे, वरच्या जाळ्या कमी किंवा बुजलेल्या आहेत. हे काम विभाग कार्यालय दोन दिवसांत करू शकतं. आणि दर वर्षी न तुंबणारी जागा या वर्षी अचानक तुंबली तर आजूबाजूला कोणतं खोदकाम झालं ते पाहा. नव्या काँक्रीट रस्त्याची पातळी वर आली, केबलसाठी गटार फोडलं, बांधकामाचा सिमेंटचा गाळ जाळीत गेला, ही तीन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात. सिमेंटचा गाळ सगळ्यात वाईट, कारण तो वाहिनीत घट्ट होतो आणि जेटिंगनेही निघत नाही.

साधारण दीड मीटरहून रुंद ते मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खातं पाहतं, लहान नाले आणि रस्त्याकडेची गटारं विभाग कार्यालय. नाल्याची रुंदी पावलांनी मोजून तक्रारीत लिहिली तर ती पहिल्याच टेबलावर बरोबर वळते.

नळाला गढूळ किंवा वासाचं पाणी

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण इथे चूक झाली तर घरातलं लेकरू आजारी पडतं.

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा. भांडुप आणि पांजरापूर इथे ते शुद्ध होतं, मग जलबोगद्यांतून आणि मोठ्या जलवाहिन्यांतून टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत जातं. मलबार हिलचा जलाशय हँगिंग गार्डनच्या खाली आहे, भंडारवाड्याचा माझगावच्या बागेखाली. तिथून चावीवाले व्हॉल्व्ह फिरवून प्रत्येक भागाला ठरावीक तास पाणी सोडतात. उरलेला दिवस गल्लीतली नळी रिकामी किंवा कमी दाबाची असते. घोटाळा तेव्हाच होतो. दाब नसलेल्या नळीला गळती असेल आणि शेजारी तुंबलेलं गटार असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि पुढच्या वेळी पाणी आलं की आधी तेच नळातून बाहेर पडतं. कोणी थेट लाइनवर बूस्टर पंप लावला तर ही ओढ कित्येक पटीने वाढते. शेजाऱ्यांचा दाब जातो तो वेगळाच. म्हणून त्याला परवानगी नाही.

तपासणी अशी करा. सारख्या, स्वच्छ, पारदर्शक अशा चार बाटल्या घ्या. पाणी सुटल्याबरोबर, सोसायटीच्या टाकीत पडण्याआधीच्या तोंडाशी पहिली भरा. वीस मिनिटांनी दुसरी, पाणी बंद होण्याआधी तिसरी. चौथी घरातल्या नळाची. प्रत्येकीवर वेळ लिहा आणि पांढऱ्या कागदासमोर एका रांगेत ठेवून फोटो काढा.

पहिल्या तीन स्वच्छ आणि चौथी गढूळ: दोष तुमच्या टाकीत. जमिनीखालची टाकी आणि सांडपाण्याचं चेंबर शेजारी-शेजारी असेल तर टाकीची भिंत आतून तपासा, झाकण जमिनीपेक्षा उंच आहे का पाहा, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी लावा. पहिली घाण, दुसरी-तिसरी स्वच्छ: गळती जवळच, बहुधा तुमच्या इमारतीच्या जोडणीत. मुख्य वाहिनीपासून इमारतीकडे येणारी ही जोडणी ग्राहकाची असते, दुरुस्ती परवानाधारक प्लंबरकडून करावी लागते. गटारातून आडवी गेलेली गंजलेली जोडणी हे दूषित पाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. ती नुसती सांधू नका, गटाराच्या बाहेरून नवी टाका. तिन्ही घाण आणि शेजारच्या दोन इमारतींतही तेच: मुख्य वाहिनीचा दोष, पालिकेचं काम.

पावसाच्या पहिल्या आठवड्यांत सगळ्या शहरात पाणी किंचित मातकट येतं. वास नसेल आणि गल्लीबाहेरही तसंच असेल तर ते तलावातलं आहे. वास असेल तर मात्र थांबू नका.

क्लोरीन तपासायचं साधं किट मिळतं. नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेलं क्लोरीन असायला हवं. पहिल्या बाटलीत ते शून्य आलं तर बाहेरची घाण आत शिरल्याचा संशय घ्यायला ते सबळ कारण आहे. तक्रारीत आकडा लिहा. काम होईपर्यंत पाणी गाळून, खळखळ उकळून प्या आणि सुरुवातीचं पाणी टाकीत न घेता वेगळं सोडून द्या.

तक्रार विभागाच्या जलकामे शाखेकडे करा आणि पाणी सुटण्याची वेळ ठळक लिहा. गळती शोधणारे कर्मचारी लोखंडी कांबीला कान लावून आवाज ऐकतात. नळीत पाणीच नसेल तर ऐकू काय येणार? दुपारी बारा वाजता माणूस आला, पाणी पहाटे साडेपाचला येतं, आणि "गळती आढळली नाही" असा शेरा पडला, हे अगदी नेहमीचं आहे. त्या वेळी सोसायटीचा कोणीतरी खाली हजर ठेवा.

दिव्याच्या खांबाची गोष्ट सोपी आहे. शहर भागात बेस्ट, बहुतेक उपनगरांत अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. खांबावरचा क्रमांक सांगितला की पुरे. झाडाची फांदी मात्र आवारातली असली तरी उद्यान खात्याच्या परवानगीशिवाय तोडू नका.

मजकूर कसा लिहावा

एका तक्रारीत एकच विषय. पाणी, गटार आणि खड्डा एकत्र लिहिले की तक्रार एका खात्याकडे जाते आणि उरलेले दोन प्रश्न तिच्याबरोबर बंद होतात. नमुना पुरेसा असा:

"(विभागाचं अक्षर) विभाग, (रस्ता), (खूण: कोणत्या दुकानासमोर, कितव्या खांबापाशी). रस्त्याच्या मध्यावरील मलवाहिनीचं गोल झाकण (तारीख) पासून भरून वाहत आहे. पाऊस नाही. वरच्या बाजूचं झाकणही भरलेलं, खालच्या बाजूचं कोरडं. म्हणजे अडथळा हे झाकण आणि खालचं झाकण यांच्यामध्ये. जेटिंग यंत्राने साफसफाई व्हावी. फोटो सोबत."

वरचं भरलेलं, खालचं कोरडं, हे एक वाक्य लिहिलं की गाडी नेमक्या पट्ट्यात उभी राहते.

हालचाल झाली नाही तर

आधी कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंता, मग त्या शाखेचा सहायक अभियंता, मग सहायक आयुक्त, त्यावर परिमंडळाचे (काही विभाग मिळून झालेल्या गटाचे) उपायुक्त. प्रत्येक पायरीवर जुना तक्रार क्रमांक द्या, नवी तक्रार उघडू नका. नवी उघडली की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. लेखी अर्जाची प्रत आवक शिक्क्यासह परत घ्या.

तरीही काही झालं नाही तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, कारणं ही माहिती धरली जात नाही. कागद मागा: तक्रार क्रमांक अमुकवरील कार्यवाहीचे शेरे, स्थळपाहणीचा दिनांक व अहवाल, कार्यादेशाची प्रत, रस्ता असेल तर कंत्राटाचा दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड कंत्राटदाराने दुरुस्त करायचा असतो). ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दोन्हींना २० रुपये शुल्क. कागद हातात आले की आधी स्थळपाहणीची वेळ पाहा. ती पाणी येण्याच्या वेळेशी जुळत नसेल, किंवा पाहणी दुसऱ्याच झाकणाची झाली असेल, तर अपिलाचा मुद्दा तुम्हाला तिथेच मिळाला.